पुसलेले ठिपके

मास्तर पान उलटताना बोट जिभेवर फिरवायचे. टोकाला नाही, चांगलं मध्यावर. मग ते ओलं बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर यायचं आणि पान उलटायचं. वाळल्यावर त्या कोपऱ्याला पिवळट कड चढायची, कागद कडक व्हायचा, आणि पुढच्या माणसाने पान धरलं की तो कोपरा करकर वाजायचा. पुढचा माणूस बहुतेक वेळा मी असायचे. जुनी फाईल संदर्भासाठी काढली की मी पेन्सिलच्या मागच्या टोकाने पानं उलटायची.

"एवढी किळस?" मास्तर एकदा आमच्या मधल्या फळीच्या पलीकडून म्हणाले. त्यांना मी दिसत नव्हते, पण पेन्सिलचा आवाज ओळखला असावा. "अगं प्रयोगशाळा, आपला विषयच किळस. नाक मुरडून कसं चालेल?"

मी रसायनशास्त्र शिकून आले होते म्हणून ते मला प्रयोगशाळा म्हणायचे. आणि इथे येण्याआधी त्यांनी बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. आमची खोली पूर्वी दवाखान्याची होती. भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात एक बेसिन, आणि त्या बेसिनच्या नळीतून दुपारी तीनच्या सुमारास वर येणारी कुबट हवा. खोलीच्या मध्ये प्लायवूडची फळी उभी केलेली. फळीच्या अलीकडे मी, पलीकडे मास्तर. आम्ही दोघं 'वाचक' होतो. मी कनिष्ठ, ते ज्येष्ठ.

विषय खरोखरच किळस होता. आमच्या अभ्यासाच्या प्रमुख मॅडम पंधरा वर्षं एकाच प्रश्नामागे होत्या. कातडी कमावणारे, चरबी वितळवणारे, हाडं उकळणारे, अशा दुर्गंधीच्या धंद्यांना शहरांनी कसं वागवलं, आणि त्या वागणुकीमुळे पुढे त्या शहरांचं काय झालं? चार शतकं आणि शेहेचाळीस शहरं. प्रत्येक शहराच्या आठ-दहा फायली, आणि फायलींत जुन्या कागदांच्या छायाप्रती. आरोग्य निरीक्षकांचे अहवाल, कोर्टातले दावे, प्रवाशांची पत्रं, नगरसभांचे ठराव. ते वाचून आम्ही तक्त्यात आकडे भरायचे. बावीस प्रश्न होते, त्यांतला सतरावा किळशीचा. कागदात धंदेवाल्यांविषयी किळस दिसत नसेल तर शून्य. नुसती बोलण्यात असेल तर एक. लोक त्यांच्यापासून अंतर ठेवून बसत असतील तर दोन. त्यांना हद्दीबाहेर काढा अशी मागणी असेल तर तीन.

"रसायनशास्त्र? मग इथं कशाला आलीस?" मॅडमनी मुलाखतीत विचारलं होतं.

"समाजावर प्रयोग करता येत नाही. मग तुम्ही कारण कसं शोधता, ते बघायचंय."

त्या खूश झाल्या. "प्रयोग इतिहासानं करून ठेवलेत गं. आपण फक्त ते ओळखायचे. बाकी सगळ्या बाबतींत सारखी, एकाच बाबतीत वेगळी अशी दोन शहरं शोधायची. मग तीस वर्षं पुढं जाऊन बघायचं, कुठं किती माणसं मेली."

मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यावरच्या दुकानांच्याही जोड्या लावत गेले. दोन न्हावी, दोन शिंपी, काय सारखं, काय वेगळं. पहिले तीन महिने मी अधाशासारखं वाचलं. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन शहरांतल्या, शंभर वर्षांच्या अंतरावरच्या दोन कारकुनांनी नाकाला रुमाल लावल्याचं जवळपास एकाच वाक्यात लिहिलेलं सापडलं, तेव्हा मी ते वाक्य मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवणार होते. पण नियम होता. दोन वाचकांनी एकमेकांशी फाईलबद्दल बोलायचं नाही. आधी कनिष्ठाने वाचायचं, आपला तक्ता बंद पाकिटात टाकायचा, मग फाईल ज्येष्ठाकडे. दोघांचे आकडे जुळले तर ते खरे धरायचे. सतराव्या प्रश्नावर आमची जुळणी शंभरात चौऱ्याण्णव होती. तो आकडा मॅडम प्रत्येक भाषणात पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या.

रुजू होताना माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता: अभ्यासविषयाशी आपला कौटुंबिक वा व्यावसायिक संबंध आहे काय? मी लिहिलं, नाही.

माझा जन्म हाडं उकळणाऱ्यांच्या गल्लीतला.

तिथे सरस बनवतात. सुतार आणि बुकबाइंडर वापरतात तो, हाडांचा आणि कातड्याच्या कात्रणांचा डिंक. अकरा हौद आहेत, चौथा आमचा. कात्रणं दीड महिना चुन्याच्या पाण्यात मुरतात, मग धुतली जातात, मग मंद आचेवर दिवसभर शिजतात. मुरतानाचा वास वेगळा, शिजतानाचा वेगळा. पहिला घशात बसतो, दुसरा केसांत. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर काकाने आईला आणि मला सांभाळलं, मला शिकवलं. कॉलेजात गेल्यावर माझ्याच हट्टाने आम्ही दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिलो. रविवारी काकाकडे जायचो. परत आल्यावर मी दोनदा केस धुवायची, आणि आई माझ्याकडे बघत राहायची.

लहानपणी काकाबरोबर बसने जाताना त्याच्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची. बस खच्चून भरलेली असली तरी लोक उभे राहायचे. काका मांडी पसरून बसायचा आणि मला म्हणायचा, "बघ, आपल्याला दोन-दोन सीटं. राजाला तरी मिळतात का?" मी हसायची. दहाव्या-अकराव्या वर्षी हसणं थांबलं. मी बसमध्ये पुढे जाऊन बसायला लागले. तो मागे, मी पुढे, आणि उतरल्यावर पुन्हा एकत्र. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

मी नोकरीला लागून चार महिने झाले तेव्हा नगरपालिकेने मॅडमना पत्र पाठवलं. सरसवाल्यांची गल्ली हद्दीबाहेर हलवावी असा प्रस्ताव होता. अभ्यासाच्या आधारे मत द्यावं, तीन आठवड्यांनी सुनावणी आहे. मॅडमचं मत तयारच होतं. ज्या शहरांनी किळस वाढताच असे धंदे बाहेर काढले, तिथे पुढच्या तीस वर्षांत मृत्यू कमी झाले.

"त्याच सुमाराला त्या शहरांनी गटारंही बांधली होती," मी म्हणाले.

"त्यासाठी वेगळा रकाना आहे," मॅडम म्हणाल्या. "तो पुढच्या वर्षी भरू."

त्या रविवारी काका हौदापाशी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उभा होता आणि लांब दांड्याने कात्रणं ढवळत होता. वर करड्या फेसाचा थर आला होता. त्यात एक कसलातरी कान तरंगत होता, केस अजून शाबूत. मी तोंडाने श्वास घेत उंबऱ्याशीच थांबले.

"नव्वद दिवस देतायत म्हणे," काका म्हणाला. "पलीकडच्या माळावर जागा देतायत. तिथं पाणी टँकरचं. अगं, हौद काय खांद्यावर टाकून न्यायचा? नवा बांधायचा, मुरवायचा, वर्ष जातं. तोवर सुतार कारखान्यातला डिंक लावायला शिकतील. एकसष्टाव्या वर्षी मी काय शिकू?"

"वास येतो हे खरं आहे ना काका."

"येतो की! मी कुठं नाही म्हणतो? माझ्या नाकाला काय गळू झालंय?" त्याने दांडा हौदाच्या काठावर आपटला. फेस उडाला, मी मागे सरले. तो हसला. "कोण त्या विद्वान बाई आहेत, त्यांनी चारशे वर्षांचं बघून ठरवलंय म्हणे. चारशे वर्षांचं बघितलं, पण चौथ्या हौदापर्यंत काय आल्या नाहीत. तुझ्या हापिसाच्याच बाजूला बसतात का गं त्या?"

"त्याच इमारतीत," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण मी त्यांच्याच हाताखाली आहे हे त्याला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या तोंडाला चुन्याची चव आली.

सोमवारी मी मॅडमसाठी जुन्या फायली काढत होते, अहवालाला जोडायला. पेन्सिलने पानं उलटत होते, आणि अचानक पेन्सिलची गरजच उरली नाही. चौथ्या पानाचा कोपरा स्वच्छ होता. पाचव्याचाही. शेवटपर्यंत सगळे कोपरे मऊ, पांढरे. मी दुसरी फाईल काढली. पहिल्या तीन पानांना पिवळी कड, पुढच्या सत्तर पानांचे कोपरे स्वच्छ. तिसरी फाईल. चौथी. मी तेवीस फायली बघितल्या. मास्तरांची थुंकी तिसऱ्या पानाच्या पुढे कुठेच गेली नव्हती.

मला किळस आली, पण ती नेहमीची नव्हती. नेहमीची हात धुतल्यावर जायची.

तीन पानं वाचून माझ्याशी चौऱ्याण्णव टक्के जुळतं कसं? मी ती पानं खिडकीशी नेऊन तिरकी धरली. किळशीच्या प्रश्नासाठी आम्ही वाचून झाल्यावर पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलने बारीक ठिपके देत असू. तीन मिळणार असतील तर तीन ठिपके, दोन असतील तर दोन. फाईल पुढे देण्याआधी ते खोडायचे. मी खोडत असे, नीट खोडत असे. पण पेन्सिलच्या टोकाने कागदावर खळगा पडतो आणि रबर खळगा काढत नाही. तिरक्या उजेडात माझे सगळे ठिपके समासात उभे होते. माझ्या आधीच्या वाचकांचेही. पंधरा वर्षांचे ठिपके.

मला शिकवलं होतं की संशय आला तर बोलू नये, तपासावं. त्या आठवड्यात माझ्याकडे बारा फायली होत्या. सहांमध्ये मी खरे ठिपके देऊन खोडले. उरलेल्या सहांमध्ये, ज्यांत किळशीचा मागमूस नव्हता, मी खोटे दिले. एकात पहिल्याच पानावर धान्याच्या वजनमापांची यादी होती, तिच्या शेजारी तीन ठिपके. एकात पुलाच्या दुरुस्तीचा ठराव, त्याच्या शेजारी तीन. सगळे नीट खोडले. माझ्या पाकिटातल्या तक्त्यात मात्र खरेच आकडे लिहिले, म्हणजे त्या सहांना शून्य. मतभेद झाला की मॅडम मूळ कागद स्वतः वाचतात असा लेखी नियम होता, त्यामुळे नुकसान काही होणार नव्हतं.

मास्तरांनी बाराच्या बारा फायली दोन दिवसांत संपवल्या. मी त्यांचे तक्ते बघितले. सहांत खरे आकडे. सहांत तीन, तीन, तीन, तीन, तीन, तीन. वजनमापांच्या यादीलाही तीन.

मी फळीच्या पलीकडे गेले. मास्तर एक संत्रं सोलत होते, आणि सालींसाठी त्यांनी खाली एका फाईलचं मुखपृष्ठ पसरलं होतं.

"मास्तर, वजनमापांत किळस कुठे सापडली?"

त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली आणि माझ्याकडे बघितलं. घाबरले वगैरे नाहीत. "काय गं, सापळा लावलास होय? म्हाताऱ्यावर?"

"तुम्ही वाचतच नाही."

"वाचतो की. तीन पानं वाचतो. बावीस वर्षं पेपर तपासलेत मी. तीन पानांत पोरगा कळतो, पुढं नुसती शाई. आणि तू वाचतेस ना? तू काळजीनं वाचतेस, मला माहीत आहे. मग त्याच मजकुरात मी आणखी वेगळं काय वाचणार? तुझ्यावर विश्वास टाकला, हा माझा गुन्हा?" रस त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. त्यांनी तो फळीला पुसला. "घे, फोड घे. गोड आहे."

मी बेसिनपाशी गेले. हात धुतले, दोनदा.

मॅडम मतभेदाच्या सहा फायली मागवतील म्हणून मी थांबले. आठवडा गेला, फायली कपाटातून हलल्या नाहीत. मग नगरपालिकेला जाणारा अंतिम तक्ता माझ्याकडे तपासायला आला. सहाच्या सहा ठिकाणी तीन होते. शेवटी टीप: जुळणी, शंभर टक्के.

मी तक्ता घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलावर सुगंधी पाण्याची छोटी बाटली असायची. बोलताना त्या रुमालावर दोन थेंब टाकून रुमाल मुठीत धरायच्या.

"मतभेद झाले होते, ते तुम्ही वाचलेत?"

"वाचायला वेळ कुठं होता? ज्येष्ठाचं धरलं. नेहमी तसंच करतो आपण. म्हणून तर जुळणी वाढते."

मी सगळं सांगितलं. कोपरे, खळगे, बारा फायली. हेही सांगितलं की त्या सहा फायली चार शहरांच्या आहेत, आणि ते सहा आकडे काढले तर निकालातला फरक उरतच नाही. नाणं उडवून येईल तेवढाच राहतो. मी दोनदा मोजलं होतं.

मॅडमनी रुमालावर आणखी दोन थेंब टाकले. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या अभ्यासात खोटे आकडे आले. ते आणले कुणी?"

"मास्तरांनी."

"मास्तरांनी तीन लिहिले. पण तीन ठिपके दिले कुणी? पंधरा वर्षांत एकाही वाचकानं माझ्या कागदांवर जाणूनबुजून खोटी खूण केलेली नाही. मास्तर आळशी आहेत. तू काय आहेस?"

मी तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आणि तीनच का गं?" त्यांचा आवाज मऊ झाला होता, तो मला जास्त लागला. "खरे शून्य होते तिथं एक देता आला असता, दोन देता आले असते. सहाच्या सहा तीन?"

"फरक ठळक दिसावा म्हणून," मी म्हणाले. हे मी स्वतःलाही सांगितलं होतं. पण एक दिला असता तरी प्रयोग तितकाच चालला असता. समासात पेन्सिल टेकवताना माझ्या डोळ्यांसमोर वजनमापं नव्हती, तो करड्या फेसातला कान होता. हाताने तीनदा टोचलं आणि मोकळा झाला.

"सुनावणी गुरुवारी आहे," मॅडम म्हणाल्या. "ती होऊ दे. नंतर शांतपणे सगळं दुरुस्त करू, तुझ्याच हातून. तुझं नावही अहवालावर घालते."

"तोवर गल्ली उठेल."

"उठली तर उठली. तशीही उठायचीच होती. तू कधी गेलीयस का तिथं? मी नाही गेले. जागेवर गेलं की मत कलतं. पण ऐकलंय, उभं राहवत नाही."

मी तक्ता उचलला आणि बाहेर आले. जिन्यात उभी राहून मी माझा हात हुंगला. कशाचाच वास नव्हता.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पुढे नगरपालिकेच्या समितीचे सात सदस्य, मध्ये अध्यक्ष, बाजूला मॅडम आणि त्यांच्यामागे मास्तर, इस्त्रीच्या कोटात. गल्लीतले लोक शेवटच्या रांगांत. काकाने धुतलेला पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल लावून चापून भांग पाडला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंतीशी माणसं उभी होती, तरी रिकाम्या होत्या. मला बघून त्याने हात वर केला. आपली पोरगी सरकारी कामासाठी पुढे बसलीय, याचा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्याला वाटत होतं मी कुठल्या दुसऱ्याच कामासाठी आले आहे. मी मान खाली घातली.

मॅडम छान बोलल्या. चार शतकं, शेहेचाळीस शहरं, दोन स्वतंत्र वाचक, शंभर टक्के जुळणी. समितीतल्या एक बाई मान डोलवत होत्या. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" गल्लीतला एक जण उठला, म्हणाला, "साहेब, आम्ही कुठं जायचं?" आणि पुढचं न सुचून बसला.

मग मी उभी राहिले.

मी घरी लिहून आणलं होतं, तेच वाचलं. पानांचे कोपरे, ठिपके, बारा फायली, सहा खोटे आकडे. ते माझ्या हाताने आले हेही वाचलं. "हे आकडे काढले तर अभ्यास काहीच सांगत नाही," मी म्हणाले. "गल्ली हलवा असंही नाही आणि ठेवा असंही नाही." मागे कुणीतरी "ऐकलंत का!" असं मोठ्याने म्हणालं. मास्तर कोटाच्या बटणाकडे बघत होते.

अध्यक्ष मॅडमकडे वळले. मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा तुझा रुजू होतानाचा फॉर्म. अक्षर तुझंच ना? हा रकाना वाच. मोठ्यानं."

मी वाचला. "अभ्यासविषयाशी आपला कौटुंबिक वा व्यावसायिक संबंध आहे काय?"

"आणि उत्तर?"

"नाही."

"काल मी हिचा मूळ पत्ता काढला," मॅडम अध्यक्षांना म्हणाल्या. "तूच सांग त्यांना."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मला अजूनही गप्प बसता आलं असतं. आईबरोबर दुसऱ्या टोकाला राहणारी, दोनदा केस धुणारी एक पदवीधर म्हणून.

"चौथा हौद माझ्या काकांचा आहे," मी म्हणाले. "माझा जन्म त्या गल्लीतला. फॉर्मवर खोटं लिहिलं, कारण मला त्या वासाची लाज वाटते. पण पानांचे कोपरे खोटे नाहीत. फायली मागवा आणि उजेडात तिरक्या धरा."

मान डोलवणाऱ्या बाईंनी आपली खुर्ची किंचित मागे सरकवली. मला वाटतं त्यांनाही ते कळलं नसावं.

सदस्य आपसांत कुजबुजले. दहा मिनिटं. मग अध्यक्षांनी सांगितलं की अहवाल परत पाठवण्यात येत आहे. सगळ्या फायली बाहेरच्या माणसांकडून नव्याने वाचून घ्याव्या, तोवर गल्ली आहे तिथे राहील. माझ्या निवेदनाची नोंद 'हितसंबंधी व्यक्तीचा आक्षेप' अशी होईल. मॅडमनी कागद पिशवीत घातला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "खोलीची किल्ली टेबलावर ठेवून जा." जाता जाता मास्तर माझ्या कानाशी वाकले, तोंडाला संत्र्याचा वास. "एवढं वाचून काय मिळवलंस, प्रयोगशाळा?"

मागच्या रांगांत लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. पाचव्या हौदाच्या मावशी रडत होत्या आणि हसत होत्या. काका मात्र बसूनच होता, हात गुडघ्यांवर, पुढे बघत.

मी त्याच्या रांगेत गेले. त्याच्या शेजारची खुर्ची अजून रिकामीच होती. मी तिच्यावर बसले. सदरा धुतलेला होता, तरी खालून तो वास आलाच, घशात बसणारा. नकळत मी तोंडाने श्वास घेऊ लागले.

"हौद राहिला काका," मी म्हणाले. "निदान काही महिने."

"हं."

"वर्षही जाईल कदाचित."

त्याने सदऱ्याची बाही सारखी केली. मग त्याने विचारलं, "त्या कागदावर काय लिहिलं होतंस? बाई वाचायला सांगत होत्या ते. मागं नीट ऐकू आलं नाही."

त्याला नीट ऐकू आलं होतं. पहिल्या रांगेपेक्षा शेवटच्या रांगेत जास्त ऐकू येतं, हे तो मला लहानपणापासून सांगत आला होता.

"तुमच्याशी संबंध आहे का, असं विचारलं होतं. मी नाही लिहिलं."

काका मला नेहमी 'तू' म्हणायचा आणि मीही त्याला 'तू' म्हणायची. 'तुमच्याशी' कसं तोंडातून गेलं ते कळलं नाही.

त्याने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं म्हणणं पटल्यासारखी. गुडघ्यांवर हात टेकून उठला. मला वाटलं निघाला. पण तो आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसला आणि समोर बघत राहिला.